गाडी सर्वांची, फडके कुणाचे?

वर्षातला एक दिवस असा असतो, की त्या दिवशी महाराष्ट्रातली झाडून सगळी वाहने लखलखीत दिसतात. दसऱ्याच्या सकाळी नळावर, विहिरीवर, ओढ्याच्या काठाला गाड्या उभ्या राहतात. बादल्याच्या बादल्या पाणी ओतले जाते, टपापासून टायरपर्यंत घासपूस होते. मग झेंडूचे हार, हळदकुंकू आणि चाकाखाली लिंबू. पाहणाऱ्याला वाटावे, या समाजाचे आपल्या वाहनांवर केवढे प्रेम! प्रेम आहेच. पण जरा आत डोकावून पाहा. दाराच्या कडीवर काळपट चिकट थर, सीटच्या फटीत शेंगांची टरफले, खिडकीच्या पट्टीवर जुन्या उलटीचे ओघळ आणि मागच्या कोपऱ्यात पानाची लाल नक्षी. वाहन धुतले जाते ते बाहेरून, कारण बाहेरचे लोकांना दिसते. आत माणसे बसतात, तिकडे लक्ष कुणाचे?

स्वतःच्या मोटारीपुरता हा प्रश्न नाही. तिथे घाण आपली आणि फडकेही आपलेच. प्रश्न आहे तो एसटीचा, लोकलचा, सहाजणांत बारा बसवणाऱ्या वडापचा, काळी-पिवळीचा, शेअर रिक्षाचा आणि मुलांना शाळेत नेणाऱ्या व्हॅनचा. तिथला दांडा सकाळपासून रात्रीपर्यंत किती हातांनी धरला, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. त्याच हाताने आपण पदर सावरतो, सुटे पैसे घेतो, पोराला बिस्किट भरवतो आणि डोळा चोळतो. वाहकाच्या तिकिटांची पेटी जाऊन हाती यंत्र आले, हे एक बरे झाले. बोटाला थुंकी लावून तिकीट फाडायची जुनी रीत तेवढी कमी झाली. नोटा मोजताना मात्र ती अजून जिवंत आहे.

शहरातल्या वाचकाला कदाचित लक्षात येणार नाही अशी एक गोष्ट खेड्यात रोज घडते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली आणि तिने पुष्कळांचे प्राण वाचवले. पण ती अडल्या-नडल्या वेळेसाठी. तापाने फणफणलेले पोर, जुलाबांनी गळून गेलेली म्हातारी, खोकत खोकत क्षयाच्या गोळ्या आणायला निघालेला गडी, ही सारी मंडळी तालुक्याच्या दवाखान्यात जातात ती सकाळच्या एसटीने नाहीतर वडापने. त्यात त्यांचा काही दोष नाही. त्यांनी जावे तरी कशाने? म्हणजे खेड्यात प्रवासी गाडी हीच निम्मी रुग्णवाहिका असते. फरक एवढाच, की रुग्णवाहिका पुसावी लागते हे सर्वांना ठाऊक आहे आणि या गाडीतून दवाखान्याच्या दारात रोगी उतरला, की त्याच जागेवर परतीचा प्रवासी बसतो.

साथ आणि प्रवास यांचे नाते आपल्याला नवे नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंना उतरवून तपासण्यात आले. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची हाकाटी झाली, लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाले आणि मुंबईच्या स्थानकांवर पुन्हा तीच तपासणी सुरू झाली. २०२० मध्ये तर गाड्याच थांबल्या. दर वेळी आपण संशयाने पाहिले ते माणसाकडे. ज्या डब्यात ती माणसे कोंबली होती, त्या डब्याकडे पाहण्याची बुद्धी क्वचितच झाली. गांधीजींनी १९१७ साली मुंबई ते मद्रास असा तिसऱ्या वर्गाने प्रवास केला आणि त्याचे गाऱ्हाणे जाहीरपणे मांडले. साऱ्या प्रवासात डबा एकदाही झाडला गेला नाही, ही त्यांची तक्रार होती. शंभराहून अधिक वर्षे लोटली. लांब पल्ल्याच्या गाडीत आता झाडूवाला येतो, हे मान्य करायला हवे. पण गावच्या गाडीत तो कधी दिसला आहे का?

करोनाच्या दिवसांत आपण एकदम दुसऱ्या टोकाला गेलो. पाठीवर पंप अडकवलेली माणसे आली, रस्त्यांवर, झाडांवर, भिंतींवर फवारे उडाले. मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील बरेली येथे तर गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावरच जंतुनाशक मारण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेला पुढे स्पष्ट सांगावे लागले, की माणसांवर औषध फवारू नका आणि रस्त्यांवर फवारून फारसा उपयोग नाही. करोनाचा विषाणू प्लास्टिकवर आणि पोलादावर प्रयोगशाळेत तीन दिवसांपर्यंत टिकतो, ही बातमी त्या सुमारास घरोघर पोहोचली होती आणि लोक दुधाच्या पिशव्या धुऊ लागले होते. वर्षभराने, एप्रिल २०२१ मध्ये, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले, की वस्तूला हात लागून हा रोग होण्याची शक्यता फार थोडी, साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. तो पसरतो मुख्यतः हवेतून.

झाले! पंप अडगळीत गेले आणि त्यांच्यासोबत फडकेही गेले. माझे भांडण आहे ते इथे. जणू जगात करोना हा एकच रोग होता. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात डोळे येण्याची केवढी मोठी साथ आली, ते घरात शाळकरी मूल असलेल्या कुणालाही विचारा. डोळे आलेल्याकडे पाहिल्याने डोळे येतात, ही समजूत अजूनही आहे आणि म्हणून लोक काळे चष्मे लावून हिंडतात. ते पाहिल्याने येत नाहीत. चोळलेल्या डोळ्याचा हात दांड्याला लागतो आणि दांड्याचा हात दुसऱ्याच्या डोळ्याला. शाळेच्या व्हॅनमध्ये ही देवाणघेवाण दिवसातून दोनदा, बिनबोभाट चालते. उलट्या-जुलाबांच्या काही विषाणूंचेही तसेच. त्यांच्यावर बाटलीतल्या सॅनिटायझरचा फारसा इलाज चालत नाही. तिथे साबण आणि पाणीच लागते.

आणि घाटातली उलटी? 'गाडी लागणे' हा आपल्याकडे थट्टेचा विषय. आवळासुपारी, लिंबू, खिडकीची जागा, सगळी तयारी करूनही कुणाचे तरी पोर वळणावर ओकतेच. मग चालक उतरतो, मूठभर माती टाकतो आणि गाडी पुढे जाते. माती टाकण्यात चूक नाही, चूक आहे तिथेच थांबण्यात. मातीने किंवा राखेने ती घाण उचलावी, मग जागा साबणाच्या पाण्याने घासावी आणि शेवटी ब्लीचचे पाणी लावून दहा मिनिटे तरी तसेच राहू द्यावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. मळावर औषध ओतले, तर औषधाचा जोर मळातच संपतो, जंतूपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय ब्लीच लोखंडाला गंज चढवते, म्हणून नंतर साध्या पाण्याने पुसणे आले. ते संडास धुण्याच्या आम्लात मात्र कधीही मिसळू नये. क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि बंद गाडीत तो जिवावर बेतू शकतो. या साऱ्यात अवघड असे काय आहे? आपल्या आया-आज्या घरात एवढे रोजच करत आल्या.

उरली हवा. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या चेजियांग प्रांतात एका बसमधून ६८ माणसे पूजेला निघाली होती. त्यांतल्या एकाला करोना होता. पुढे आणखी तेवीस जणांना झाला. गाडीचे वातानुकूलन आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवत होते. ज्यांच्या शेजारी उघडणारी खिडकी होती, ते बव्हंशी वाचले. आपल्या साध्या एसटीच्या खडखडणाऱ्या काचांना आपण नावे ठेवतो, पण क्षयाच्या जंतूंना पळवून लावायला वाहत्या हवेइतके स्वस्त औषध नाही. टॅक्सीत बसल्यावर चालकाला 'एसीची हवा बाहेरून घ्या हो' एवढे सांगता येते. बहुतेक गाड्यांत त्यासाठी एक बटण असते. वातानुकूलित बसची जाळी शेवटची कधी धुतली, हे मात्र प्रवाशाला कळायला मार्ग नाही.

रेल्वेच्या कांबळ्यांचे तसेच. चादरी-उशांचे अभ्रे प्रत्येक प्रवासानंतर धुतले जातात. कांबळी महिन्यातून किमान एकदा, असे रेल्वेमंत्र्यांनीच नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले. पूर्वीपेक्षा ही सुधारणा आहे म्हणे! निदान तिथे संसदेत विचारता तरी येते. रात्रीच्या खाजगी आरामगाडीत मिळणाऱ्या कांबळ्याबद्दल कुणाला विचारायचे? एकदा मी विचारले. पोऱ्याने ते हातात घेऊन झटकले, उलटे केले आणि परत दिले.

या पोऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. गाडी पहाटे येते, अर्ध्या तासात पुन्हा सुटते. तेवढ्या वेळात एकट्याने चाळीस जागा पुसायच्या, तेही एका बादलीत आणि काळ्या पडलेल्या एकाच फडक्याने. ते फडके मळ काढत नाही, पहिल्या सीटचा मळ शेवटच्या सीटपर्यंत पोहोचवते. त्याच्या हातात मोजे नाहीत, पुष्कळदा धड साबणही नाही. स्वच्छतेची सप्ताहे साजरी होतात, बसस्थानकाच्या भिंती रंगतात, पण गाडी आत येणे आणि सुटणे यांच्या मधला वेळ वेळापत्रकात धरला जात नाही. तो वेळ, दोन बादल्या, वेगळी फडकी आणि त्या माणसाची वाजवी मजुरी, एवढ्याचे पैसे तिकिटात धरले तर कुणाचे दिवाळे निघणार नाही. शाळेच्या व्हॅनबाबत तर पालकांनी वाट पाहण्याचेही कारण नाही. महिन्याचे भाडे ठरवताना सीट किती, सुट्टीचे पैसे कापणार का, यावर आपण अर्धा तास घासाघीस करतो. त्याच वेळी रोज दांडे आणि कड्या साबणाने पुसायच्या, उलटी झाली तर काय करायचे आणि डोळे आलेल्या मुलाला चार दिवस घरी ठेवायचे, हेही ठरवून टाकावे. शेवटची अट चालकाने नव्हे, आपणच पाळायची आहे. आणि ज्या घरी आई-बाप दोघेही कामावर जातात, तिथे ती सगळ्यांत जड जाते.