पावलांचा काटा कोण तपासणार?

(कला शाखा, द्वितीय वर्ष)

पूर्वी मनगटावरचे घड्याळ वेळ सांगत असे. आता ते आपण किती चाललो, किती उष्मांक जाळले, रात्री किती झोपलो हेही सांगू लागले आहे. आपल्या महाविद्यालयात वही विसरून तासाला येणारे पुष्कळ आहेत. पण हे घड्याळ विसरून आलेला मी अजून पाहिलेला नाही. मधल्या सुट्टीत "तुझी किती झाली?" असा प्रश्न कानी येतो. मला आधी वाटले, परीक्षेच्या धड्यांची चौकशी चालली असावी. पण नाही, चौकशी पावलांची!

हजार-दीड हजार रुपयांत मिळणारी ही वस्तू पिशोरपर्यंत आली याचे मला वाईट वाटत नाही. माझ्या भावानेही एक घेतले आहे. माझा आक्षेप घड्याळाला नाही, त्याच्या आकड्यावर आपण डोळे मिटून जो विश्वास टाकतो त्याला आहे. ज्यांच्या घरात दिवसभर अंगमेहनत चालते अशा आपल्यासारख्यांनी तर तो मुळीच टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वस्तुतः हे घड्याळ पाय पाहतच नाही. त्याच्या पोटात हालचालीचा झटका ओळखणारा एक बारीक तुकडा असतो. माणूस चालू लागला की हात ठेक्यात हलतो. तो ठेका सापडला की घड्याळ म्हणते, चालले. म्हणजे ते पाऊल मोजत नाही, हाताच्या झोक्यावरून पावलाचा अंदाज करते. ज्याचे हात मोकळे आहेत त्याच्यासाठी हे ठीक आहे. पण डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईचा हात हंड्याला असतो. हातगाडी ढकलणाऱ्याचे दोन्ही हात दांड्याला असतात. त्यांच्या पायांचे काय?

मी स्वतः करून पाहिले. भावाचे घड्याळ बांधून, तोंडाने मोजत, मोकळ्या हाताने एक हजार पावले चालले. घड्याळाने ९८६ दाखवली. शाबास! मग तीच वाट, तितकीच पावले, डोक्यावर भरलेला हंडा आणि घड्याळाचा हात हंड्याला लावून चालले. आकडा आला ४१२. निम्म्याहून जास्त पावले कुठे गेली ते घड्याळालाच ठाऊक.

एका रविवारी आई दुसऱ्याच्या आद्रकीत निंदायला चालली होती, तेव्हा ते तिच्या हातात बांधून दिले. निंदणीत बाई उठून चालत नाही. उकिडवी बसून, वाफ्यातून पुढे पुढे सरकते. आठ तास. येताना डोक्यावर गवताचा भारा. सायंकाळी आकडा पाहिला तर तीन हजारांच्याही आत! त्यानंतर ती चुलीपुढे बसली आणि आठ भाकरी थापून होईपर्यंत, जागची न हलता, तीनशेवर पावले चालली. भजनात टाळ वाजवणाऱ्याचेही असेच होत असेल. आमचा भाऊ पिशोर-कन्नड रस्त्यावरून मोटारसायकलने जाऊन आला की त्याचीही पावले वाढतात. मात्र त्याचे श्रेय घड्याळाला द्यावे की रस्त्यावरच्या खड्ड्यांना, हा वेगळा विषय आहे.

आई हसली आणि म्हणाली, "म्हणजे मी दिवसभर बसूनच होते म्हण की." ती हसली, पण मला हसू आले नाही.

पावलांपेक्षा उष्मांकांचा प्रकार जास्त गंभीर आहे. आपण भरलेले वय, वजन, उंची, शिवाय नाडीचे ठोके आणि हालचाल यांवरून घड्याळ उष्मांकांचा हिशेब मांडते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली ६० स्वयंसेवकांवर सात घड्याळे पारखली गेली. नाडीच्या ठोक्यांत सातपैकी सहा घड्याळांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. पण उष्मांकांत सर्वांत चांगले निघाले तेही सरासरी २७ टक्के चुकले, आणि सर्वांत वाईट ९३ टक्के! ही सगळी नामांकित कंपन्यांची महागडी घड्याळे होती, आणि परीक्षा होती ती यंत्राच्या पट्ट्यावर चालण्या-धावण्याची आणि जागच्या जागी सायकल चालवण्याची. तिथे कोणी आद्रक निंदली नव्हती, की कापूस वेचला नव्हता.

या उलट हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी दिलेले आकडे पाहा. ५५ किलो वजनाची स्त्री बैठे काम करीत असेल तर तिला दिवसाला १६६० उष्मांक लागतात, आणि कष्टाचे काम करीत असेल तर २७२०. एक हजाराहून अधिक फरक! हा फरक शास्त्राला ठाऊक आहे, पण आईच्या हातावरच्या घड्याळाला कळला नाही. त्याने तिला बैठ्या कामाच्या रांगेत बसवले.

आपल्याच वर्गातील एक मैत्रीण सध्या घड्याळ पाहून जेवते. सकाळी पाणी भरून, गोठा आवरून ती महाविद्यालयात येते. घड्याळ म्हणते, आज फार थोडे उष्मांक जळाले; म्हणून ती एक भाकर कमी खाते. दुपारच्या तासाला तिचे डोके दुखते. ते का दुखते हे सांगायला डॉक्टर लागत नाही असे मला वाटते. अशा घड्याळांच्या माहितीपत्रकात बहुधा बारीक अक्षरांत लिहिलेले असते की हे वैद्यकीय उपकरण नव्हे. जाहिरात मोठ्या अक्षरांत, कबुली बारीक अक्षरांत!

आणि ते दहा हजार पावलांचे व्रत? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची हौस वाढली. १९६५ साली यामासा नावाच्या कंपनीने पावले मोजण्याचे एक यंत्र विकायला काढले आणि त्याचे नावच 'दहा हजार पावलांचे यंत्र' असे ठेवले. आकडा मुळात विक्रीचा. पुढे २०१९ साली अमेरिकेतील सोळा हजारांवर वृद्ध स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला साधारण ४४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण कमी दिसले, आणि ७५०० च्या पुढे जास्त फायदा दिसला नाही.

मित्र म्हणतात, आकडा चुकेना का, चालायची सवय तर लागते! हे मी मान्य करते. एकाच माणसाने, एकाच घड्याळावर, कालच्यापेक्षा आज जास्त चाललो का एवढे पाहायला ते उपयोगी आहे. परंतु आपली मुले तेवढ्यावर थांबत नाहीत. पोलीस भरतीची तयारी करणारे किती तरी जण पहाटे रस्त्यावर धावतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. सेकंदासेकंदावर गुण जातात. स्वस्त घड्याळात उपग्रहाची सोय नसेल, तर ते पावलांना उंचीवरून काढलेल्या पावलाच्या लांबीने गुणून अंतर सांगते. धावताना पाऊल लांब पडते, दमल्यावर आखूड. मग घड्याळातले १६०० मीटर कधी १५०० असतात, कधी १७००. भरतीच्या मैदानावरचे मात्र १६००च असतात. वर्षभराची तयारी अशा मापावर उभी करायची?

आपण शेतकऱ्यांची मुले आहोत. कापूस विकताना आपला बाप आधी काटा पाहतो. व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी वैधमापन खात्याकडून तपासून मुद्रा मारून घ्यावी लागते, आणि तरीही आपण शंका घेतोच. पावलांच्या या काट्यावर कोणाची मुद्रा आहे?

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात कामावर खड्डे खोदायला जात असे. मजुरी खोदलेल्या मापावर. मिस्त्री टेप लावायचा. पण आजीजवळ स्वतःची एक काठी होती. तो येण्याआधी ती खड्डा काठीने मोजून ठेवी आणि माप कमी भरले तर सर्वांसमोर भांडे. तिला अक्षर येत नव्हते, पण मापाशी भांडता येत होते. आम्ही पदवीच्या वर्गात बसतो, आणि मनगटावर जो आकडा उमटेल तो खाली मान घालून मान्य करतो.

या वर्षी आपल्याकडे पावलांची स्पर्धा घ्यावी, घड्याळावरचा आकडा पाहून बक्षीस द्यावे, अशी चर्चा ऐकली. ती घेऊ नये. त्याऐवजी क्रीडा विभागाने साखळी धरून मैदानावर ४०० मीटरची फेरी आखून द्यावी आणि चुन्याची रेघ मारावी. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना साखळी धरता येते. अर्ध्या दिवसाचे काम आहे. ज्यांच्याकडे घड्याळे आहेत त्यांनी त्या फेरीवर ती लावून पाहावीत, एकदा मोकळ्या हाताने आणि एकदा डोक्यावर ओझे घेऊन, आणि आलेले आकडे सूचना फलकावर लावावेत. हंडा मी घरून आणीन.