आमवाताच्या रुग्णाला काय विचारायचे?

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आमवात, झालेल्या माणसाला दैनंदिन कामे कितपत जमतात हे मोजण्यासाठी १९८० साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेम्स फ्राइज यांनी सहकाऱ्यांसह एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. मांस कापता येते का, दुधाचा नवा खोका उघडता येतो का, टबमधील स्नान जमते का, असे प्रश्न तीत होते. दिल्लीतील बहुसंख्य रुग्णांना त्यांचा उपयोग काय? एम्समधील डॉ. अशोक कुमार व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तिची भारतीय आवृत्ती प्रसिद्ध केली. साडी किंवा सलवार नेसणे, संडासात उकिडवे किंवा जमिनीवर मांडी घालून बसणे, रिक्षात चढणे-उतरणे, भाजीबाजारात जाणे, असे तिचे प्रश्न आहेत. वरवर हे केवळ भाषांतर वाटेल. वस्तुतः मोजण्याची राशीच येथे बदलली.

हे महत्त्वाचे का, ते आजाराची तीव्रता मोजणाऱ्या ‘डीएएस-२८’ या सूत्रावरून कळते. त्यात २८ सांध्यांचे दुखणे, त्यांची सूज, रक्तातील ईएसआर आणि रुग्णाने ० ते १०० मध्ये स्वतःच्या स्थितीला दिलेला आकडा येतो. या शेवटच्या आकड्याचा गुणक ०.०१४ आहे. समजा, २८ पैकी एकही सांधा दुखत वा सुजलेला नाही, ईएसआर १० आहे आणि रुग्णाने आपल्या त्रासाला ६० गुण दिले आहेत. उत्तर सुमारे २.४५ येते. २.६ च्या खाली आजार शमला असे मानतात! शिवाय या २८ सांध्यांत घोटे आणि पावले नाहीतच. मेट्रोच्या जिन्यावर ज्यांचे तळपाय ठणकतात, त्यांची वेदना या सूत्रात शिरली तर त्या एका लहान गुणकातूनच.

सूत्र निरुपयोगी आहे असे नव्हे. औषधाची मात्रा ठरवण्यासाठी ते उपयुक्तच आहे आणि पुनर्वसन हा औषधाला पर्यायही नाही. परंतु पुनर्वसनाचे उद्दिष्ट त्यावरून ठरवणे चुकीचे आहे. गुडघा किती अंश वाकतो, मुठीत किती जोर आहे, हे मोजावेच. पण कणीक मळता यावी ही जिची इच्छा आहे, तिचा व्यायाम त्या कामापासून आखला पाहिजे. ‘खाली बसू नका’ हा सल्ला सांध्यांच्या दृष्टीने योग्य असेलही; ज्या घरात जेवण, पूजा आणि शौचालय सारेच जमिनीलगत आहे, तेथे तो पाळायचा कसा, हे सांगितल्यावाचून तो अर्धवटच राहतो.

रुग्णाचे सांगणे व्यक्तिनिष्ठ असते, हा नेहमीचा आक्षेप. मात्र अचूक आकडा चुकीच्या राशीचाही असू शकतो, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. आणि थकव्याचे काय? तो तर सांधे चाचपून कळतच नाही. वेळ नाही ही सबबही फारशी टिकत नाही: भारतीय प्रश्नावलीत अवघे १२ प्रश्न आहेत. राजधानीतील ओपीडीच्या लांब रांगेत, डॉक्टरांच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच, कुणी हिंदीत वाचून दाखवले तरी ते भरून होतील.