आयुष्याचा हिशेब : वारसा किती, आहार किती?

घराण्यातील एखादे आजोबा नव्वदी ओलांडून गेले, की त्यांच्या दीर्घायुष्याची दोन कारणे सांगितली जातात. कोणी म्हणते, “त्यांचा बांधाच तसा होता”, कोणी म्हणते, “जेवण मोजके होते म्हणून.” यांपैकी खरे कोणते, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ पडलेला आहे. माणसाच्या आहारावर जन्मभर नियंत्रण ठेवता येत नाही. प्रयोगशाळेतील उंदराचे आयुष्य मात्र दोन-तीन वर्षांचेच असते. म्हणून उत्तराचा शोध उंदरांवर घेतला गेला.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ मध्ये पहिला ठळक पुरावा मांडला. जीवनसत्त्वे व क्षार पुरेसे देऊन केवळ उष्मांक कमी केलेले मोठ्या जातीचे पांढरे उंदीर पोटभर खाणाऱ्यांपेक्षा अधिक जगले. तेव्हापासून ‘कमी खा, अधिक जगा’ हे सूत्र रूढ झाले. परंतु त्यानंतरच्या बहुतेक प्रयोगांत वापरलेले उंदीर एकाच वंशातील, जुळ्या भावंडांसारखे एकरूप होते. एका कुटुंबाच्या खातेवहीवरून साऱ्या बाजारपेठेचा ताळेबंद मांडण्यासारखाच तो प्रकार होता.

ही उणीव दूर करणारे संशोधन ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत गॅरी चर्चिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६० माद्या निवडल्या. आठ मूळ वंशांच्या संकरातून त्यांची पैदास झाली असल्याने प्रत्येकीची जनुकीय ठेवण निराळी होती. सहा महिन्यांच्या झाल्यावर त्यांची पाच गटांत विभागणी केली गेली. एका गटाला हवे तेवढे अन्न मिळे. दोन गटांना आठवड्यातून अनुक्रमे एक व दोन दिवस उपास घडे. उरलेल्या दोन गटांचा आहार २० व ४० टक्क्यांनी घटवला होता.

मनसोक्त खाणाऱ्या माद्या सरासरी २५ महिने जगल्या. उपास करणाऱ्यांचे आयुष्य २८ महिने भरले, २० टक्के कपात झालेल्यांचे ३० आणि ४० टक्के कपात झालेल्यांचे ३४ महिने. मिताहाराचा लाभ असा स्पष्ट दिसला. तथापि सरासरीच्या आत डोकावल्यावर चित्र पालटले. सर्वांत कठोर पथ्याच्या गटातही काही माद्या थोड्याच महिन्यांत गेल्या, तर काही साडेचार वर्षांपर्यंत जगल्या. आयुष्याच्या लांबीवर आहारापेक्षा जनुकीय वारशाचा प्रभाव अधिक आढळला.

दुसरा निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारा आहे. चरबी घटणे, रक्तातील साखर उतरणे हे चयापचय सुधारल्याचे संकेत मानले जातात. पण दीर्घायुष्याचा उलगडा त्यांवरून झाला नाही. रोगप्रतिकारक पेशी व तांबड्या रक्तपेशी यांच्या स्थितीशी त्याचा संबंध अधिक निकट दिसला. इतकेच नव्हे, तर समान पथ्यावर असताना ज्यांचे वजन सर्वाधिक घटले त्या लवकर गेल्या. ज्यांनी ते टिकवले त्या अधिक जगल्या. सर्वाधिक कपातीच्या गटात स्नायूंची झीजही झाली.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि हा प्रयोग केवळ माद्यांवर झाला; म्हणून त्यातील आकडे जसेच्या तसे ताटावर उतरवता येणार नाहीत. परंतु एक बोध निश्चित घेता येतो. एकाच घरात, एकाच स्वयंपाकावर एकीचे वजन उतरते, दुसरीचे उतरत नाही. तेव्हा जिचे उतरले नाही तिला संयमाचा अभाव चिकटवणे अन्यायाचे ठरते. तसेच वृद्धाचे वजन विनाकारण घटू लागले, तर मिताहार फळला असे समजून समाधान न मानता वैद्याला दाखवणे श्रेयस्कर.

अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या मनाला प्रयोगशाळेतील मूक जिवांचे मोल सलल्याशिवाय राहत नाही. निदान त्यांच्याकडून मिळालेल्या ज्ञानाचा विपर्यास तरी होऊ नये. ऊनोदरीत भुकेपेक्षा दोन घास कमी घ्यायचे असतात, आणि ती भूक ज्याची त्याची असते. शेजाऱ्याची भूक मापून आपले ताट वाढता येत नाही. वडिलार्जित भांडवल कोणाला किती मिळाले, हे कोणाच्याच हाती नसते. मिळालेले जपून वापरणे तेवढे हाती उरते.