आधी मी

डिपर मारणाऱ्या माणसाला नेमकं काय सांगायचं असतं, हा प्रश्न मला वर्षभर छळतो आहे. समोरच्याच्या डोळ्यांवर झोत पडू नये म्हणून दिवे खाली करायची जी सोय गाडीत दिलेली आहे, ती आता समोरच्याला दटावण्यासाठी वापरली जाते. तुम्ही दुभाजकाच्या फटीतून वळायला लागता, झेब्रा पट्ट्यांवर पहिलं पाऊल ठेवता, किंवा अरुंद पुलावर निम्म्याच्या पुढे आलेले असता, आणि दुरून दिवे फडफडतात. मी येतोय, तू थांब. दिवे मागून फडफडले तर अर्थ जरा वेगळा होतो: मी येतोय, तू नाहीसा हो.

संपादकाने वर्षाचा आढावा घ्यावा अशी रीत आहे, तर २०२५चा घेतो. जयंत नारळीकर गेले. दिल्लीत ताराबाई भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. शिवरायांचे अकरा किल्ले महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी, असे बारा दुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेले. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यात उभं पीक नेलं आणि त्याखालची मातीही नेली. यातल्या प्रत्येक गोष्टीवर माझ्यापेक्षा जाणती माणसं लिहू शकतात आणि लिहिताहेत. डिपरवर कोणी लिहीत नाही, म्हणून मला लिहावं लागतं आहे. तुम्ही वर्षानुवर्षं हा अंक संपादकीय ओलांडून थेट कथांपासून वाचता हे मला ठाऊक आहे. या वेळी जरा थांबा.

रस्त्यावर आधी कोणी जायचं, याचा क्रम कायद्याने कधीच लावून दिला आहे. केंद्र सरकारची वाहन चालवण्याची नियमावली २०१७ची आहे. पादचाऱ्यांसाठी आखलेल्या पट्ट्यांवर पायी चालणारा आधी. वर्तुळाकार चौकात, आत फिरत असलेली गाडी आधी आणि बाहेरून शिरणारी नंतर. अरुंद घाटात चढणारा आधी, उतरणाऱ्याने थांबायचं. रुग्णवाहिका आपल्या सगळ्यांच्या आधी. तिला वाट दिली नाही तर २०१९च्या दुरुस्तीनुसार दहा हजार रुपये दंड. या क्रमामागचं तर्कशास्त्र मला फार सुंदर वाटतं. चढणीवर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं कठीण, म्हणून तिला थांबवायचं नाही. पायी चालणाऱ्याच्या अंगावर पत्रा नाही, म्हणून तो आधी. ज्याचं जास्त अवघड, त्याचा मान पहिला.

आपल्या रस्त्यावर हाच क्रम तंतोतंत पाळला जातो, फक्त उलटा. डंपर, मग खासगी बस, मग काळ्या काचांची उंच गाडी, मग साधी मोटार, रिक्षा, दुचाकी, सायकल, आणि सर्वांत शेवटी हातात भाजीची पिशवी घेऊन पलीकडे जाऊ पाहणाऱ्या आजी. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यांतली निम्म्याहून थोडी कमी दुचाकीवरची होती आणि दर पाचांतलं जवळपास एक पायी चालणारं. म्हणजे मरणाऱ्यांतले बहुसंख्य उलट्या यादीच्या तळाचे. पुणे महापालिका २०२१पासून दर वर्षी ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते, लक्ष्मी रस्त्याचा काही भाग त्या दिवशी गाड्यांना बंद करते आणि लोक रस्त्याच्या मधोमध फोटो काढून घेतात. उपक्रम चांगला आहे, मी स्वतः हौसेने गेलो आहे. उरलेले ३६४ दिवस कोणाचे, हे मात्र कुठल्याही फलकावर लिहिलेलं नसतं.

या आडदांडपणाला आपण 'घाई' असं सौम्य नाव दिलं आहे. मला ते मान्य नाही. तुम्हाला कट मारून, फुटपाथवरून गाडी चढवून जो पुढे गेला, तो पुढच्या सिग्नलला तुमच्याच शेजारी उभा असतो, मोबाइल बघत. टॉमटॉम कंपनीच्या २०२४च्या पाहणीत जगातल्या संथ शहरांमध्ये पुण्याचा चौथा क्रमांक लागला. दहा किलोमीटरला सरासरी तेहेतीस मिनिटांहून थोडा जास्त वेळ. अशा शहरात दिवे फडफडवून कोणी किती वेळ वाचवणार? त्याला वेळ वाचवायचा नसतोच. त्याला समोरच्याने ब्रेक दाबलेला पाहायचा असतो. आपल्यासाठी कोणीतरी थांबलं, दबलं, बाजूला झालं, याची पावती त्याला हवी असते. ऑफिसात साहेबांपुढे, घरी हप्त्यांपुढे आणि सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीपुढे न मिळालेला मान तो दुसऱ्या गिअरमध्ये वसूल करतो. नंबरप्लेटवर आकड्यांची वेलांटी करून 'दादा' लिहिणारा निदान प्रामाणिक असतो. काचेवर 'पोलीस', 'प्रेस' किंवा 'महाराष्ट्र शासन' चिकटवणारा तीच गोष्ट जरा आडून सांगतो.

लाल दिव्याला पट्ट्यांच्या मागे उभा राहणारा माणूस तर आता सार्वजनिक अडथळाच मानला जातो. रात्री साडेदहाला, मामा नसताना, एखाद्या चौकात थांबून पाहा. मागून हॉर्नचा मारा सुरू होतो. शेजारून जाणारा मान वळवून बघतो; त्या बघण्यात रागापेक्षा कीव जास्त असते. "ओ काका, हिरवा काय घरी घेऊन जायचाय?" हे वाक्य मला ऐकवणारा मुलगा विशीतला होता आणि मागे बसलेली त्याची आई खळखळून हसली. त्या हसण्याचा मला जास्त राग आला. गाडी एखादी बाई चालवत असेल तर याच वागण्याला आणखी एक पदर चढतो. तिला ओलांडलं म्हणजे जणू काही जिंकलं, आणि तिने ओलांडलं तर पुढचे दोन किलोमीटर तिचा पिच्छा पुरवायचा. माझ्या परिचयातल्या कितीतरी जणी या एका कारणासाठी रात्री बाह्यवळण रस्ता टाळतात.

कल्याणीनगरचा उल्लेख केल्याशिवाय पुण्याच्या संपादकाला या विषयावर पुढे जाता येत नाही. १९ मे २०२४च्या पहाटे एका भरधाव पोर्शेने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. दोघांचाही जीव गेला. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता असं पोलिसांचं म्हणणं. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला आणि इतर अटींबरोबर अपघात या विषयावर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातले डॉक्टर अटकेत गेले. जुलै २०२५मध्ये, त्या मुलाला प्रौढ समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली. खटल्याचं जे व्हायचं ते न्यायालयात होईल. माझी तक्रार निबंधाबद्दल आहे, कारण तो माझ्या धंद्याचा भाग आहे. तीनशे शब्दांत आमच्याकडे वाचकांचं पत्र बसतं. निबंध लिहायला माणसाला आधी दुसऱ्याच्या जागी उभं राहता यावं लागतं. ते येत असतं तर ही वेळ आली नसती. शिक्षा म्हणून निबंध सांगणाऱ्यांनी निबंधाचा अपमान केला, एवढं तरी आपल्या मराठीच्या प्राध्यापकांनी म्हणायला हवं होतं. कोणी म्हटलं नाही.

सरकारला हे दिसत नाही असं नाही. डिसेंबर २०२४मध्ये नितीन गडकरींनी लोकसभेत सांगितलं की, परदेशातल्या परिषदांमध्ये अपघातांचा विषय निघाला की त्यांना तोंड लपवावंसं वाटतं. ट्रकच्या पाठीवरच्या 'हॉर्न ओके प्लीज'वर महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ सालीच बंदी घातली. मुंबई पोलिसांनी काही चौकांत एक भन्नाट प्रयोग केला होता: हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. लोकांनी त्याचे व्हिडिओ चवीने पाहिले. एप्रिल २०२५मध्ये गडकरींनीच, गाड्यांचे हॉर्न बासरी, तबला, हार्मोनियम अशा भारतीय वाद्यांच्या आवाजात असावेत, अशी कल्पना मांडली. संगीतावर माझं प्रेम आहे, म्हणूनच मी हात जोडून विनंती करतो की बासरीला या प्रकरणात ओढू नका.

दर दिवाळीला परदेशातून येणारे आपले वाचक मला एक गोष्ट सांगतात, आणि ती सांगताना त्यांचा सूर थोडा चढतो. न्यू जर्सीत चारही बाजूंना थांबण्याची पाटी असलेल्या चौकात मध्यरात्री, चिटपाखरू नसताना, ते गाडी पूर्ण थांबवतात. जो आधी आला तो आधी जातो. 'तिकडे लोकांना शिस्त आहे हो!' हे लोक म्हणजे आपल्याच सदाशिव पेठेतले आणि डोंबिवलीतले, आणि तिथे गेल्यावर त्यांचं रक्त काही बदललेलं नसतं. बदलतं ते एवढंच की तिथे नियम मोडला तर लायसन्सवर गुण चढतात आणि विम्याचा हप्ता वाढतो, आणि हे कोणाच्या ओळखीने थांबत नाही. आपल्याकडे विम्याची सवलत दावा केला की नाही यावर ठरते. गाडी कशी चालवली, याच्याशी तिचा सहसा संबंध नसतो. नियमभंगानुसार हप्ता वाढवावा, अशी शिफारस विमा नियामकाच्या कार्यगटाने २०२१मध्ये केली होती. माझ्या आणि तुमच्या हप्त्यात त्याची सावलीही पडलेली नाही. ई-चलान येतात, साठतात आणि लोकअदालतीत घासाघीस करून मिटतात. आणि मुळात लायसन्स मिळतं ते मैदानात आठ काढून. उभं आयुष्य काढलं तरी रस्त्यावर आठ काढायची वेळ येत नाही. पट्ट्यांवर म्हातारं माणूस आलं तर काय करायचं, ही वेळ रोज येते, आणि तिची परीक्षा कोणीच घेत नाही.

सगळा दोष स्वभावाला देऊनही चालणार नाही. डंपर आणि मिक्सरवाल्यांना बहुतेक ठिकाणी खेपेवर पैसे मिळतात. जितक्या खेपा, तितकी कमाई. दहा मिनिटांत दूध आणून देणारा पोरगा उलट्या दिशेने येतो तेव्हा ते दूध आपणच मागवलेलं असतं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये सोडले जातात. नोव्हेंबर २०२२मध्ये तिथे एका वेळी कित्येक गाड्यांचा चुराडा झाला. अशा ड्रायव्हरच्या हातून दोन-चार लिटर वाचवून घेणारा मालक सहसा पकडला जात नाही.

मग अशा माणसापुढे आपण काय करायचं? वाचक मला हे विचारतातच, आणि माझं उत्तर अनेकांना मिळमिळीत वाटतं. जाऊ द्यायचं. डाव्या बाजूला व्हायचं, त्याच्याकडे बघायचं नाही, हॉर्नला हॉर्न द्यायचा नाही, काच खाली करायची नाही आणि गाडीतून उतरायचं तर अजिबात नाही. नंबर लक्षात राहिला आणि तो खरोखर कोणाच्या जिवावर उठला असेल तर पुढे सुरक्षित जागी थांबून ११२ला फोन करायचा. वाद किती महाग पडतो पाहा: २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळात रस्त्याच्या मधोमध उभ्या केलेल्या जिप्सीवरून बाचाबाची झाली. वाट मागणारे गृहस्थ ६५ वर्षांचे होते, समोर क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू आणि त्यांचा मित्र. मारहाणीनंतर ते गृहस्थ दगावले. सर्वोच्च न्यायालयाने सिद्धूंना एक वर्षाची शिक्षा ठोठावली ती मे २०२२मध्ये. दगावलेल्या त्या माणसाची मागणी अगदी रास्त होती.

पण जाऊ देणं म्हणजे मान्य करणं नव्हे. आपल्या लहानपणीचे एस.टी.चे ड्रायव्हर काही संत नव्हते. घाटात त्यांनीही पोटात गोळा आणलेला आहे. तरी मागच्या मोटारीला पुढचा रस्ता मोकळा आहे हे सांगण्यासाठी खिडकीतून बाहेर येणारा, निवांत हलणारा तो खाकी बाहीचा उजवा हात मला अजून दिसतो. तोही इशाराच होता, आणि त्याचा अर्थ होता: तू जा.

आता या अंकाच्या विषयाबद्दल. यंदाचा विषय 'शेजार' आहे, आणि डिपरचा त्याच्याशी काय संबंध असं आमच्या कार्यकारी संपादिकेने मला दोनदा विचारलं. मी म्हणालो, सिग्नलला नव्वद सेकंद बाजूला उभा असतो तो शेजारीच की! त्यांना पटलं नाही. तुम्हालाही पटलं नाही तर पुढची पानं उलटा. चाळीतल्या सामायिक नळापासून सीमेवरच्या गावांपर्यंत शेजाराचे कितीतरी खरे नमुने तिथे आहेत, आणि ते लिहिणाऱ्यांनी विषयाशी माझ्यापेक्षा जास्त इमान राखलं आहे.

एक व्यावहारिक निवेदन राहिलं. दर वर्षी छपाई लांबते आणि मग गठ्ठे भरलेला टेम्पो रातोरात कोल्हापूर, नाशिक, नागपूरकडे पिटाळला जातो. वसुबारसेच्या आत अंक स्टॉलवर लागला पाहिजे, असा आमचा हट्ट असतो, आणि त्या हट्टाचा भार दर वेळी एका झोप न झालेल्या ड्रायव्हरच्या पायावर पडतो. या वर्षी वाहतूकदाराला लिहून दिलं आहे: रात्री गाडी चालवायची नाही, उशिराबद्दल भाडं कापलं जाणार नाही. त्यामुळे विदर्भातल्या वाचकांना अंक उशिरा मिळेल. तक्रारीची पत्रं माझ्या नावाने पाठवा, विक्रेत्याला बोलू नका.

– संपादक