घरांतील वेळेचा जमाखर्च

शेतकऱ्याच्या घरीं वेळ पुरत नाहीं, ही तक्रार आम्ही महसूल खात्यांतील आमच्या चाकरीच्या काळापासून ऐकत आलों आहों. तिच्यावर एकच औषध सर्वत्र सांगण्यांत येतें, तें म्हणजे पहांटे लौकर उठावें. आमच्या मतें हें औषध रोग्यास न देतां शेजाऱ्यास पाजण्यासारखें आहे. या जिल्ह्यांत ज्या घरीं गाई आहेत, तेथें घरधनीण चार-साडेचारास उठलेलीच असते. तिला आणखी किती लौकर उठवावयाचें, हें उपदेशकांनीं एकदां सांगून टाकावें.

वेळेची ही ओढाताण आळसापोटीं आलेली नाहीं. पूर्वीं अकोल्याच्या डोंगरांत डांगी गाय रानांत चरावयास जाई व दिवेलागणीस आपल्या पायांनीं परत येई. संकरित गाय गोठ्यांत उभी असते. चारा, पाणी व खुराक यांस तिच्यापाशीं चालत जावें लागतें. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें गीर, होल्स्टिन व जर्सी या तीन जातींच्या संकरांतून 'फुले त्रिवेणी' तयार केली. अशा गाईंनीं घरोघर रोकड आणली, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्यांनीं घरांतील घड्याळही बदललें. संकलन केंद्रावर दूध सकाळ-सायंकाळ नेमल्या वेळींच घेतलें जातें, व त्याच घटकेस मुलांचे शाळेचे डबे, सासऱ्यांचा चहा, मजुरांच्या भाकरी आणि नळास आलेलें पाणी हीं सर्व एकदम उभीं राहतात.

विजेची गोष्ट तर याहून वाईट. कृषिपंपांस अनेक वर्षें पाळीनें, कांहीं दिवस दिवसां व कांहीं दिवस रात्रीं, वीज मिळत आली. रात्रपाळीस घरधनी बॅटरी घेऊन दारें धरावयास निघाला, कीं घरांत कोणास झोंप लागत नाहीं. कारण संगमनेर-अकोल्याकडील उसांत बिबट्या आहे, हें आतां लहान पोरासही ठाऊक आहे. २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना निघाली व तिचा एक आरंभींचा प्रकल्प पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धी येथें झाला. तिच्या गुणदोषांची चर्चा नेहमीं युनिटांत व रुपयांत होते. दिवसां वीज मिळाली तर किती घरांची झोंप परत मिळते, हें मोजण्याचें मात्र कोणाच्या मनांत येत नाहीं.

मोजणें हा आमचा जुना धंदा. गांव नमुने एक ते एकवीस आम्ही वर्षानुवर्षें लिहिले. सातबारावर विहीर चढते, पीक चढतें, पडीक क्षेत्रही चढतें. तीं सर्व उभीं करणाऱ्या हातांचे तास कोणत्याही रकान्यांत येत नाहींत. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानें २०२४ सालीं वेळेच्या विनियोगाची देशव्यापी पाहणी केली. तींत घरकाम करणाऱ्या स्त्रीचीं त्या कामीं दिवसाकाठीं सरासरी २८९ मिनिटें, व त्यांत हात घालणाऱ्या पुरुषाचीं ८८ मिनिटें जातात असें आढळलें. २०१९ सालीं हे आंकडे २९९ व ९७ होते. म्हणजे पांच वर्षांत स्त्रीचीं दहा मिनिटें वांचलीं, आणि पुरुषानेंही नऊ वांचवून घेतलीं! धारा काढणें व गोठा झाडणें या आंकड्यांत आलेलें नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

आमचा खरा आक्षेप येथें आहे. दुधाचा धंदा परवडतो कीं नाहीं हें पाहतांना आपण पेंडीचा भाव धरतों, डॉक्टरची फी धरतों, कर्जाचा हप्ता धरतों. घरच्या स्त्रीची मजुरी मात्र शून्य धरतों. समजा, दोन गाईंस मिळून दिवसाचे पांच तास लागतात. ते आपल्या गांवच्या खुरपणीच्या मजुरीनें गुणावे, महिन्याचे करावे व दुधाच्या पैशांतून वजा करावे. पुष्कळांचा नफा तेथेंच संपेल. ज्यांचा उरेल त्यांनीं तिसरी गाय खुशाल घ्यावी; परंतु तिचे तास कोण देणार, हें बाजारांत जाण्यापूर्वीं घरांत ठरवावें.

वेळ वांचविण्याचे उपाय नाहींत असें नाहीं. मुरघास हा त्यांतील उत्तम. मका चिकांत असतांना एकदांच कापून, कुट्टी करून, हवा राहणार नाहीं अशी खड्ड्यांत किंवा पिशवींत दाबून भरावी. सुमारें दीड महिन्यांत मुरघास तयार होतो, आणि रोज उठून विळा घेऊन बांधावर जाणें टळतें. मुक्तसंचार गोठ्यांत गाई कुंपणांत मोकळ्या राहतात, हौदावर आपल्या आपण पाणी पितात, व शेणही रोज उचलावें लागत नाहीं. हे दोन्ही उपाय आपल्या लोकांस ठाऊक आहेत. तरीहि ट्रॅक्टरच्या अवजारास पैसा लगेच निघतो आणि गोठ्याच्या कुंपणास 'पुढच्या वर्षीं पाहूं' असें उत्तर मिळतें. कारण अवजारानें पुरुषाचा वेळ वांचतो व कुंपणानें स्त्रीचा.

धार काढावयास बसणें कांहीं पुरुषांस अजून कमीपणाचें वाटतें. भरलेली किटली केंद्रावर नेण्यांत मात्र त्यांस कमीपणा वाटत नाहीं, कारण तेथील खातें त्यांच्या नांवावर असतें. आमची सूचना एवढीच, कीं ज्या घरीं पहांटेची धार स्त्री काढते त्या घरचें खातें तिच्या नांवावर करावें. केंद्राच्या चिटणिसाकडे एक अर्ज व बँकेचें एक पुस्तक, याहून अधिक खटपट त्यास बहुधा पडणार नाहीं. दर दहा दिवसांचा पगार तिच्या खात्यांत जमा होऊं लागला, म्हणजे कुंपणाचा प्रश्न पुढच्या वर्षावर जातो कीं नाहीं, तें पाहावें.