टाके सुकले, पुढे काय?

माझी भाची चार वर्षं एकच तक्रार सांगत होती. सिझेरियनच्या व्रणाच्या डाव्या टोकाला लहानशी गाठ. एरवी गप्प, पाळी आली की ठणकायची. "टाक्यांची जागा आहे, दुखणारच," असं तिला पहिल्यांदा मीच सांगितलं. जन्मभर वर्गात 'प्रश्न विचारा' म्हणणारी मी बाई!

पुढे कुणी हर्निया म्हणालं, कुणी आत राहिलेला दोरा. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुखणं महिन्याच्या महिन्याला येतं का?" तिथे उलगडा झाला. सिझेरियनच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी पोटाच्या भिंतीत रुजल्या, तर पाळीच्या दिवसांत त्याही सुजतात. गोळ्यांनी ठणका तात्पुरता कमी होतो, गाठ जात नाही. ती भोवतालच्या थोड्या चांगल्या भागासकट काढणं हा खरा उपाय. भाचीची काढली, तपासणीत निदान पक्कं झालं. आता बरी आहे. पण वाया गेलेल्या त्या चार वर्षांत माझाही वाटा आहे, हे मनातून जात नाही.

व्रणाची दुखणी आणखीही असतात. गर्भाशयावरच्या व्रणात खाच राहिली तर पाळी संपल्यावरही काही दिवस डाग पडत राहतात. आतले अवयव एकमेकांना चिकटतात. पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतली तर जिवावर बेतणारा रक्तस्राव होतो, प्रसंगी गर्भाशय काढावं लागतं. हा धोका दर सिझेरियनगणिक वाढतो.

मी सिझेरियनच्या विरोधात नाही. १९७८ साली माझा थोरला तसाच झाला, म्हणून आम्ही दोघं आहोत. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ मध्ये देशात शंभरातली सतरा बाळंतपणं अशी होती, २०१९-२१ मध्ये एकवीस-बावीस. इतक्या जणींच्या पोटावर व्रण असेल, तर पुढे कशाकडे लक्ष ठेवायचं हे घरी सोडतानाच मराठीत लिहून द्यायला नको का?

आणि आपण घरच्यांनीही 'बायकांचं असंच असतं' म्हणणं सोडावं. पोरींनो, सिझेरियनचे कागद जपून ठेवा. दुखण्याच्या तारखा कॅलेंडरवर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. दुधाचा हिशेब लिहितोच ना आपण तिथे? मग हाही लिहावा.