सेकंद दोघांचा असतो

थंडीची चाहूल लागली की व्हिंटेज गाड्यांच्या गॅरेजमध्ये लगबग सुरू होते. क्रोमला पॉलिश होते, हूडला नवे कापड चढते, कार्ब्युरेटर खोलून साफ होतो. ही मेहनत हवीच, तिच्यामुळेच या गाड्या आज रस्त्यावर आहेत. पण यंदा टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणजे ठरलेल्या वेगाने नेमक्या सेकंदाला पोहोचण्याच्या टीएसडी रॅलीत उतरणाऱ्या वाचकांना एक गोष्ट ठासून सांगायची आहे. टीएसडीत गाडी जिंकत नाही, एकटा चालकही जिंकत नाही. जिंकते ती चालक आणि नॅव्हिगेटरची जोडी. आणि नेमका या जोडीच्या सरावालाच आपल्याकडे वेळ उरत नाही.

अमेरिकेत १९८३ पासून होणारी ‘ग्रेट रेस’ या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. दिवसामागून दिवस, हजारो किलोमीटर चालणारी ही व्हिंटेज गाड्यांची टीएसडी. तिथे जीपीएस चालत नाही, संगणक चालत नाही, ओडोमीटरही वापरता येत नाही. अचूक स्पीडोमीटर, घड्याळ, स्टॉपवॉच, कागद आणि पेन्सिल, एवढीच साधने. दिवसाच्या सूचना सुटण्याच्या जेमतेम अर्धा तास आधी हातात पडतात. चेकपॉइंट कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नसते. लवकर असो वा उशिरा, चुकलेल्या प्रत्येक सेकंदाला एक गुण दंड. अचूक सेकंदाला पार केलेल्या टप्प्याला तिथे ‘एस’ म्हणतात. गाडी जितकी जुनी तितकी गुणांत सवलत, त्यामुळे पहिल्या महायुद्धाच्या काळातली गाडीसुद्धा तिथे बरोबरीने लढते.

एवढ्या तुटपुंज्या साधनांवर सेकंद कसा साधतो? त्याचे उत्तर नॅव्हिगेटरच्या मांडीवरच्या तक्त्यात आहे. समजा, ताशी ४५ किलोमीटरने चालताना सूचना आली : चौकात थांबा, १५ सेकंद उभे राहा, उजवीकडे वळा, पुन्हा ४५. पंधरा सेकंद सूचनेतच धरलेले आहेत. पण गाडी थांबायला आठ सेकंद लागले आणि पुन्हा ४५ वर यायला वीस, तर त्या अठ्ठावीस सेकंदांतले साधारण निम्मे हातचे गेले. साधारणच, कारण जुनी गाडी एकसारखा वेग धरत नाही. पहिल्या गिअरमध्ये ती उसळते, मग डबल डीक्लचमध्ये क्षणभर रेंगाळते, वेगाचे शेवटचे ताशी पाच किलोमीटर गाठताना दमते. म्हणून हा आकडा रस्त्यावरच काढावा लागतो. मोजलेला पट्टा आधी न थांबता एकसारख्या वेगाने पार करायचा, मग मध्ये एकदा थांबून. दोन वेळांच्या फरकातून ठरलेला थांबा वजा केला की उरते ती त्या गाडीची आणि त्या चालकाची तूट. चालक बदलला की तक्ता बदलला. जोडी मोडली की हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

हीच गोष्ट कॅलिब्रेशनची. ताशी ३६ किलोमीटरला एक किलोमीटर म्हणजे १०० सेकंद. स्पीडोमीटरचा काटा एका टक्क्याने चुकला तर वीस किलोमीटरमध्ये वीस सेकंद गेले. टायरचे माप बदलले, हवा कमीजास्त झाली, तरी काटा खोटे बोलू लागतो. रॅलीच्या दिवशी, टायर तापल्यावर, आयोजकांच्या पट्ट्यावर काढलेला आकडाच खरा.

चूक कळल्यावर ती भरून काढण्याचे साधे गणित प्रत्येक जोडीला तोंडपाठ हवे. वेग दहा टक्के वाढवला की मिनिटाला सहा सेकंद मिळतात. चाळीसच्या वेगात बारा सेकंद मागे असाल, तर दोन मिनिटे ४४ ने चालवा आणि पुन्हा चाळीसवर या. नॅव्हिगेटरने ‘जरा हाण’ म्हणून भागत नाही. ‘चव्वेचाळीस, दोन मिनिटे’ असा नेमका आदेश हवा, आणि चालकाने तो मोठ्याने परत म्हणायला हवा. त्याच वेळी घाट, वस्ती किंवा ओला रस्ता दिसला तर ‘आत्ता नाही’ म्हणण्याचा शेवटचा अधिकार चालकाचा. ड्रम ब्रेकच्या गाडीत या अधिकारावर वाद नको. आपल्याकडच्या अनेक रॅलींत लवकर पोहोचण्याचा दंड उशिराच्या दुप्पट असतो, तेव्हा चार सेकंद मागे राहणे ही कधीकधी शहाणपणाची निवड ठरते. ती निवड कोण करणार, हे सुटण्याआधी ठरलेले असावे.

आपल्याकडे आता जुन्या गाड्यांना कायद्यानेही आपली जागा दिली आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेची स्वतंत्र नोंदणी मिळते. रोजच्या वापराला त्यांना मनाई आहे, रॅलीला मात्र परवानगी. म्हणजे रस्त्यावर गाडी खऱ्या अर्थाने पळवण्याच्या मोजक्या संधींपैकी ही एक. त्या दिवशी सगळा हिशेब मोबाइलच्या ॲपवर सोपवायचा असेल, तर नॅव्हिगेटर फक्त पडद्यावरचे आकडे वाचून दाखवतो आणि त्याची विद्या हळूहळू संपते.

म्हणून क्लबांना आणि आयोजकांना आमचे तीन आग्रह. व्हिंटेज गटात ॲपविना, घड्याळ-कागदावरचा एक वेगळा वर्ग ठेवा. हंगामाआधी एक दिवस काटेकोर मोजलेला दहा किलोमीटरचा पट्टा सरावासाठी खुला करा, म्हणजे प्रत्येक जोडीला आपला तक्ता करता येईल. आणि निकालपत्रात, करंडकावर, बातमीत नॅव्हिगेटरचे नाव चालकाच्या बरोबरीने छापा. नव्या पिढीतल्या कुणाकडे पॅकार्ड नसेल, ऑस्टिनही नसेल. पण स्टॉपवॉच आणि गणिताची आवड असलेली मुले-मुली पुष्कळ आहेत. डावीकडची ती सीट त्यांना द्या आणि संपूर्ण हंगाम तीच जोडी ठेवा. गाडी जपणारे हात आपल्याकडे आहेत. आता तिचा वेळ जपणारी डोकी तयार करू या.